दहा मिनिएचर, चार-पाच संध्याकाळी: विदर्भाच्या हवेत वॉरगेमिंगची फौज झटपट कशी रंगवावी

फँटसी वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर छोट्या फौजा लढवायच्या खेळाच्या, एका साध्या पेटीत दहा-वीस मिनिएचर (छोट्या मूर्ती) असतात आणि खेळण्याजोगी फौज उभी करायला बऱ्याचदा चाळीस-पन्नास लागतात. नवखा माणूस त्यातली एक उचलतो, तिचे डोळे, पट्ट्याचं बक्कल, नखं सगळं रंगवतो आणि आठवड्याभराने दुसरी हातात घेतो. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत कंटाळा येतो. उरलेली फौज करड्या प्लास्टिकमध्येच पडून राहते. यात हात हळू चालण्याचा दोष थोडा आणि कामाच्या क्रमाचा जास्त असतो. दहा मिनिएचर एकदम घ्यायच्या, प्रत्येक टप्पा दहांवरही पुरा करूनच पुढे जायचं, सावल्या पाडायचं काम वॉशवर, म्हणजे खाचांत उतरणाऱ्या पातळ गडद रंगावर, सोपवायचं आणि हातभर अंतरावरून जे दिसत नाही ते रंगवायचंच नाही. एवढं पाळलं तर दहा जणांची तुकडी चार-पाच संध्याकाळी टेबलावर उभी राहते.

विदर्भात रंगवणाऱ्याला हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. स्प्रेच्या डब्यावरच्या सूचना १५ ते ३० अंशांची हवा धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. नवख्यांचं जे बिघडतं, त्यातलं बरंचसं इथेच बिघडतं.

सामान

रंगांच्या आठ बाटल्या पुरतात: काळा, पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट अंबर, लाल, निळा, हिरवा आणि चंदेरी. फेव्हिक्रिलच्या १५ मिलीच्या ॲक्रिलिक बाटल्या तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात मिळतात आणि सुरुवातीला त्या चालतात. त्यांचा रंग घट्ट आणि जरा भरड असतो, म्हणून पातळ केल्याशिवाय वापरू नका. दोन गोष्टींवर मात्र पैसे खर्च करा, त्या कुरिअरने मागवाव्या लागल्या तरी चालेल. पहिली, मिनिएचरसाठीचा तपकिरी वॉश, म्हणजे सिटाडेलचा ॲग्रॅक्स अर्थशेड किंवा आर्मी पेंटरचा स्ट्राँग टोन. दुसरी, वालेहोसारख्या कंपनीचा चंदेरी. कापडावर रंगवायच्या चंदेरीत चमकीचे कण मोठे असतात. २८ मिलिमीटरच्या शिपायाच्या तलवारीवर ते वाळूसारखे दिसतात.

ब्रश तीन घ्या. सिंथेटिक गोल २ नंबर मुख्य कामाला, ० नंबर बारीक कामाला, आणि ड्राय ब्रशसाठी (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळायला) आठवडी बाजारातल्या कटलरीच्या दुकानातला मेकअपचा मऊ, गोल ब्रश. २ नंबरच्या ब्रशचं टोक चांगलं असेल तर ० नंबर फारसा हातात घ्यावा लागत नाही. बारीक ब्रशवर रंग टिकत नाही, तो पोचेपर्यंत वाळतो.

रंग पातळ करायला बोअरचं पाणी घेऊ नका. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी जड असतं आणि त्यातले क्षार वाळल्यावर पांढुरके डाग सोडतात, काळ्या-तपकिरी वॉशवर तर लगेच दिसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर किंवा आरओचं पाणी वापरा.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पॅलेट, घरीच होते. चपट्या प्लास्टिकच्या डब्यात किचन टॉवेलचे चार थर ओले करून ठेवा आणि वर बेकिंगचा बटर पेपर अंथरा. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून ओल वर येत नाही. उन्हाळ्यात साध्या ताटलीवर रंग पाच मिनिटांत कातडी धरतो, या डब्यात झाकण लावून दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. मात्र गरम हवेत त्याला दोन-तीन दिवसांत बुरशीचा वास येतो, तेव्हा टॉवेल बदलत जा. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय लावून घेऊ नका. आणि मिनिएचर चिकटवून धरायला बाटल्यांची झाकणं लागतात, त्यात फवारणीच्या औषधाची बाटली कधीही घेऊ नका. औषधाच्या दुकानातल्या सिरपच्या रिकाम्या बाटल्या हातात नीट बसतात.

कापणी आणि जोडणी

मिनिएचरचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत जोडलेले येतात, तिच्यातून ते काढताना कटर भागाला अगदी टेकवून दाबू नका. एक मिलिमीटर दांडी ठेवून कापा आणि उरलेली सुरीने तासा. साच्याच्या दोन अर्ध्या भागांमधली बारीक रेघ सुरीची पाठ आडवी फिरवून खरवडून काढा. ही रेघ राहिली तर ड्राय ब्रश नेमका तीच उजळ करतो आणि शिपायाच्या कपाळावरून शिवण गेल्यासारखी दिसते. झटपट कामातही हा टप्पा टाळता येत नाही.

पॉलिस्टायरीनच्या (पेटीत नेहमी येतं त्या कडक प्लास्टिकच्या) मिनिएचरला प्लास्टिक सिमेंट वापरा, ते प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतं. रेझिन आणि धातूला फेविक्विक लागतं. सांडलेलं फेविक्विक कापसाने पुसू नका. सायनोॲक्रिलेट कापसात मुरलं की झपाट्याने तापतं, धूर निघतो, बोट भाजतं. आपल्या घरात कापूस पहिला हाताशी येतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. थ्रीडी प्रिंट केलेली रेझिनची मिनिएचर घासायची असेल तर पॉलिश पेपर ओला करून घासा आणि मास्क लावा. तिची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट.

जोडून झालं की सगळं कोमट पाण्यात थोडा लिक्विड साबण घालून जुन्या टूथब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

प्रायमर

ॲक्रिलिक रंग नुसत्या प्लास्टिकवर धरत नाही, नखाने निघतो. म्हणून आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, द्यावा लागतो. मॅट काळा किंवा करडा स्प्रे प्रायमर हार्डवेअर किंवा ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. चकचकीत स्प्रे घेऊ नका, वरचा रंग त्यावरून ओघळतो. मिनिएचरसाठी नसलेल्या स्प्रेमधलं थिनर काही वेळा पॉलिस्टायरीन खातं, म्हणून आधी रिकाम्या चौकटीवर मारून तासभर थांबा. पृष्ठभाग मऊ किंवा चिकट झाला नाही तरच पुढे जा.

लाकडाच्या एका लांब पट्टीवर दुहेरी टेप लावून दहाही मिनिएचर चार-पाच सेंटिमीटर अंतराने उभ्या करा. डबा दोन मिनिटं हलवा. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, पट्टीच्या बाहेर सुरू करून पट्टीच्या बाहेर संपेल असा एक झपका मारा. झपका थांबला की डबा थांबतो, आणि तो मिनिएचरवर थांबला तर तिथे थेंब साचतो. दहा मिनिटं थांबून पट्टी फिरवा, दुसऱ्या बाजूने मारा. मग पट्टी आडवी धरून खालून एक हलका हात. असे तीन पातळ थर. तान्ह्या पोळ्याच्या नंदीला ऑइलपेंटचा जाड हात शोभून दिसतो, पण इथे जाड थर बसला की चेहऱ्यावरचं कोरीवकाम बुजतं आणि पुढची प्रत्येक पायरी वाया जाते.

आता हवा. भर उन्हाळ्यात दुपारी स्प्रे मारला तर रंगाचे थेंब हवेतच वाळतात आणि मिनिएचरवर पीठ बसल्यासारखा रवाळ पृष्ठभाग येतो. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा लागतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा-सातलाच, पंधरा ते अठरा सेंटिमीटरवरून आणि झपका लहान ठेवून मारा. पावसाळ्यात सलग दोन-तीन दिवस उघाड मिळाली तर तिसऱ्या दिवशी दुपारी मारा, नाहीतर स्प्रे बाजूला ठेवून कॅमलिनचा जेसो (कॅनव्हासला देतात तो पायाचा रंग) ब्रशने लावा. पाण्याने साईइतका पातळ करून दोन हात दिले की पुरे. वाळताना तो आकसतो, त्यामुळे बारकावे बुजत नाहीत. थंडीत सकाळी दव असतं, दहा वाजल्यानंतर सुरू करा आणि डबा आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. गरम पाण्यात नाही. स्प्रेचे डबे ५० अंशांवर फुटण्याचा धोका असतो, टिनाच्या छपरीखाली मे महिन्यात तेवढं तापमान सहज होतं. डबा घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, उन्हापासून आणि चुलीपासून लांब ठेवा.

वर्षभराच्या फौजेचा स्प्रे एकदम मारून ठेवायचा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीसारखे महिने नाहीत. त्याच दिवसांत कापसाची वेचणी चालते आणि घरात कापूस भरलेला असतो, त्याचे तंतू ओल्या थरावर येऊन बसतात. स्प्रे मारल्याबरोबर पट्टीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला.

सांगाड्यांची तुकडी

पहिल्या तुकडीसाठी सांगाडे घ्या. हाडांत खाचा भरपूर असतात, वॉश त्यात आपोआप जातो आणि चूक झाली तर ती जुनाट हाडावरचा डाग म्हणून खपते. गुळगुळीत चिलखत आणि लांब झग्याचे एल्फ नवख्याने दुसऱ्या वर्षासाठी ठेवावेत.

सांगाड्यांना करडा प्रायमर द्या. त्यावर चार भाग पांढरा आणि एक भाग यलो ऑकर मिसळून हाडाचा रंग करा. दहाही मिनिएचरना पुरेल एवढं मिश्रण एकदाच करा, पुन्हा तशीच छटा जमत नाही. एका भाग रंगाला जवळपास एक भाग पाणी. पॅलेटवर ब्रश ओढला की मागून कागद किंचित दिसावा, पण रंग ओघळू नये. याहून जास्त पाणी झालं तर रंगातला बांधणारा पदार्थ विरळ होतो, रंग खाचेत पळतो आणि उंचवटे उघडे पडतात. आणखी पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी मॅट मीडियम (रंग नसलेलं, न चमकणारं ॲक्रिलिक) घाला. हा रंग ढाल-तलवारीवर सांडला तरी हरकत नाही, आत्ता सगळीकडे लावत सुटा. दोन पातळ हात. दहावी मिनिएचर होईतो पहिली वाळलेली असते, म्हणून मध्ये थांबावं लागत नाही. या टप्प्यानंतर रात्रभर राहू द्या. कच्च्या रंगावर वॉश दिला तर खालचा थर सोलून ब्रशवर येतो.

वॉश

सगळ्यात जास्त फळ देणारा आणि सगळ्यात सहज बिघडणारा टप्पा हाच आहे. २ नंबरचा ब्रश वॉशमध्ये बुडवून डोक्यापासून खाली सगळ्या हाडांवर सढळ हाताने लावा. बरगड्यांमध्ये, डोळ्यांच्या खोबणीत, बोटांच्या पेरांत तो स्वतःच उतरतो. एक मिनिएचर झाली की बाजूला ठेवायच्या आधी ती डोळ्यांसमोर धरून अर्धा मिनिट नीट बघा. कवटीच्या माथ्यावर, खांद्यावर किंवा पायाशी थेंब साचला असेल तर ब्रश पुसून त्याच्या कोरड्या टोकाने तो शोषून घ्या. हे ओलं असतानाच करायचं. अर्धवट वाळलेल्या वॉशला ब्रश लावला की चहाच्या कपाखाली उमटतं तसं वर्तुळ उमटतं आणि ते पुसता येत नाही.

वॉश देताना पंखा आणि कुलर दोन्ही बंद. पंख्याखाली कडा आधी वाळतात आणि वर्तुळं पडतात. कुलरच्या दमट हवेत उलट होतं, वॉश तासभर ओला राहतो आणि सगळा खाली उतरून पायाशी साचतो. उन्हाळ्यात वॉश दहा-पंधरा मिनिटांत वाळतो, तेव्हा एका वेळी एकाच मिनिएचरवर काम करा. पावसाळ्यात दोन तास धरून चाला. वर हात लावल्यावर गार लागत असेल तर आत ओल आहे.

वॉश संपला आणि कुरिअर यायला आठवडा असेल तर घरी करता येतो. चार भाग मॅट मीडियम, चार भाग पाणी, एक भाग बर्न्ट अंबर, जरासा काळा आणि काडीच्या टोकाला लागेल एवढा लिक्विड साबण. साबणामुळे पाण्याचा ताण कमी होतो आणि मिश्रण खाचेत शिरतं. साबण वाढला तर फेस येतो आणि वाळल्यावर बुडबुड्यांचे ठसे राहतात. नुसत्या पाण्यात रंग कालवून केलेला वॉश उंचवट्यांनाही मळकट करतो, मीडियम त्यासाठीच.

ड्राय ब्रश

मेकअपच्या ब्रशला हाडाच्या रंगात थोडा आणखी पांढरा मिसळून लावा आणि जवळजवळ सगळा रंग पुठ्ठ्यावर पुसून टाका. अंगठ्याच्या पाठीवर ब्रश फिरवून पाहा. फक्त कातडीच्या रेषा उजळल्या तर तयार आहे, पट्टा उमटला तर आणखी पुसा. मग वरून खाली झटकत चला. कवटी, बरगड्या, गुडघे उजळतात आणि खाचा गडद राहतात. खडूसारखा भुरभुरीत परिणाम आला तर रंग ब्रशवरच वाळलेला असतो. उन्हाळ्यात हे सतत होतं, म्हणून ब्रश आधी ओल्या स्पंजवर एकदा टेकवून घ्या.

यानंतर उरलेले भाग: ढाल, कापडाच्या चिंध्या, शस्त्र. अख्ख्या तुकडीच्या ढाली एकाच रंगात ठेवा, लाल किंवा निळा. दहा जणांची फौज लांबून एकजीव दिसते ती या एका रंगामुळे. शस्त्रांना चंदेरी, त्यावर पुन्हा तपकिरी वॉश, आणि लाल-ऑकर मिसळून दोन-चार ठिपके गंजाचे. तलवारीच्या फक्त धारेवर स्वच्छ चंदेरीची एक रेघ ओढा. डोळे रंगवू नका. खोबणीत वॉश आहे, तेवढं पुरे. ओर्क (फँटसीतले राक्षसी लढवय्ये) किंवा माणसांच्या तुकडीतही हेच खरं. टेबलावर मिनिएचर साठ-सत्तर सेंटिमीटरवरून दिसते, तिथून चुकलेला डोळा खटकतो आणि न रंगवलेला कोणाच्या लक्षात येत नाही.

याहून जलद अशी एक वाट आहे. काळ्या प्रायमरवर आधी करडा आणि मग पांढरा ड्राय ब्रश करायचा आणि त्यावर पारदर्शक रंगाचा एकच हात द्यायचा. सिटाडेलने असे कॉन्ट्रास्ट रंग २०१९ मध्ये आणले, नंतर आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आले. मांसल ओर्क, लोकरीचे कपडे, प्राण्यांची कातडी यांना ही पद्धत फार छान बसते. सपाट चिलखतावर मात्र ढगाळ डाग पडतात. स्पीडपेंट घेताना दुसरी आवृत्तीच घ्या. पहिल्या आवृत्तीतला वाळलेला रंग वर ओला ब्रश फिरला की पुन्हा सुटून वरच्या रंगात मिसळतो.

बेस

बेस, म्हणजे मिनिएचरच्या पायाखालची चकती, चांगला असेल तर साधी रंगवलेली मिनिएचरही उठून दिसते, आणि याबाबतीत आपल्या वावरात जे मिळतं ते विकत घ्यायची गरज नाही. नदीची वाळू धुऊन, उन्हात वाळवून चहाच्या गाळणीने चाळा. गाळणीखालची बारीक वाळू जमिनीला, वर राहिलेले खडे आणि मुरमाचे तुकडे दगडांना. काळी रेगडी माती तशीच लावू नका, ती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात आणि तिची धूळ मिनिएचरवर चढते.

बेसवर फेविकॉलचा पातळ थर द्या, दोन मुरमाचे खडे बसवा, वाळूत दाबून उचला आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी वाळूवर थेंबाथेंबाने सोडा. हा टप्पा चुकवला तर ब्रश फिरवताना वाळू सुटून रंगात मिसळते. मग बर्न्ट अंबर, वरून ऑकरचा ड्राय ब्रश. सुक्या गवतासाठी सुतळीचे एक सेंटिमीटरचे तुकडे पिंजून फेविकॉलवर उभे करा. हरभऱ्याचं बारीक कुटार पाचोळ्यासारखं दिसतं, आणि पऱ्हाटीच्या मुळ्यांचे तुकडे म्हणजे हुबेहूब मेलेली झाडं, सांगाड्यांच्या फौजेला यापेक्षा योग्य काही नाही. मात्र कुटार आणि मुळ्या आधी तव्यावर मंद आचेवर दहा मिनिटं परतून घ्या. त्यात ओल किंवा किडीची अंडी राहिली तर पावसाळ्यात बेसवर बुरशी येते किंवा भुसा पडू लागतो. शेवटी बेसची कडा काळ्या किंवा तपकिरी रंगाने नीट, एकसारखी रंगवा. दहा कडांना पंधरा मिनिटं लागतात आणि अख्ख्या तुकडीचा नूर त्यावर ठरतो.

वार्निश

खेळताना बोटांचा घाम लागतो, म्हणून मॅट वार्निश हवंच. ओल्या हवेत स्प्रे वार्निश मारलं तर ते दुधाळ पडतं, सगळे रंग धुक्याआड गेल्यासारखे होतात. जुलै ते सप्टेंबर फक्त ब्रशने लावायचं ॲक्रिलिक मॅट वार्निश वापरा, बाटली उलटीपालटी करून चांगली मिसळून. मॅट करणारी पूड तळाशी बसते आणि न मिसळता लावलं तर काही मिनिएचर चमकतात, काही पांढुरक्या होतात. स्प्रे दुधाळ पडलाच तर कोरड्या दिवशी चकचकीत वार्निशचा एक पातळ थर द्या. बरेचदा धुकं निवळतं. मग त्यावर पुन्हा मॅट.

रंग काढून टाकायचा झाल्यास

प्लास्टिकची मिनिएचर पूर्ण बिघडली तर ती न पातळ केलेल्या डेटॉलमध्ये २४ तास बुडवा आणि हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा. घासतानाही डेटॉलच वापरा. मध्येच पाणी लागलं तर सुटलेला रंग डांबरासारखा चिकट होऊन खाचांत बसतो. सगळा रंग निघाल्यावरच साबणाच्या पाण्याने धुवा. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांच्या जवळही नेऊ नका, पॉलिस्टायरीन विरघळतं.

ने-आण

नागपूर-अमरावतीला खेळायला जाताना बेसखाली ५ मिलिमीटरचं लहान चुंबक चिकटवा आणि मिनिएचर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात उभ्या करा, एसटीच्या धक्क्यांत त्या हलत नाहीत. डबा उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. रेझिनच्या तलवारी आणि भाले त्या उष्णतेत वाकतात. वाकलेला भाला गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून बोटांनी सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात घाला. तो सरळ राहतो, रंगही टिकतो. फक्त सांध्यापर्यंत गरम पाणी पोचू देऊ नका, फेविक्विकचा जोड सुटतो.